बायोडेटातून गाळलेली चौदा वर्षं

नेरूळला सेक्टर सहामधून सारसोळे गावाकडे वळताना कोपऱ्यावर सुगत खिल्लारेचं झेरॉक्सचं दुकान आहे. प्रिंट, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, पॅन कार्डाचे फॉर्म, असं सगळंच तिथं होतं. पण सुगतचं नाव झालं ते रेझ्युमेमुळे. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरं यायची, बाळंतपणानंतर पुन्हा नोकरीला लागू पाहणाऱ्या बायका यायच्या, कंपनी बंद पडल्यामुळे पन्नाशीत घरी बसलेले बापे यायचे. "सुगतसरांकडून करून घे, कॉल नक्की येतो," असं लोक एकमेकांना सांगायचे. आणि कॉल यायचेही. कुणी पेढे आणून दिले की सुगत त्यातला एक घरी म्हाताऱ्या आईसाठी ठेवायचा आणि बाकीचे शेजारच्या टेलरला वाटायचा.

त्याचा नियम साधा होता. साहेबाला जे बघायचंय तेवढंच कागदावर ठेवायचं, बाकीचं आपल्यापाशी. हे तो कुठल्या पुस्तकात शिकला नव्हता. त्याचे वडील किसन कळमनुरीकडच्या गावातून तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी म्हणून आले आणि शेवटपर्यंत तिथंच राबले. सुगतनं बी.ए. करताना तीन वर्षं सकाळी कॉलेज केलं आणि दुपारपासून बापाच्या जोडीनं कांद्याच्या गोण्या उचलल्या. पहिल्या नोकरीच्या अर्जात त्यानं ते सरळ लिहून टाकलं होतं. मुलाखत घेणाऱ्या साहेबानं ती ओळ बाकीच्या उमेदवारांपुढं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "गोण्या उचलल्यात म्हणे. मग आमच्याकडे काय उचलणार?" खोलीतले सगळे हसले. दारावरचा वॉचमनसुद्धा हसला.

घरी येऊन सुगतनं नवा अर्ज लिहिला. त्यात ती तीन वर्षं नव्हती. दुसऱ्याच महिन्यात त्याला एका औषध कंपनीत डिस्पॅच क्लार्कची नोकरी लागली. त्या दिवशी किसननं अर्जाचा कागद हातात घेऊन विचारलं होतं, "माझ्यासंगं काढलेली तीन वर्सं कुठं लिव्हलीस रं?"

"ते लिहायचं नसतं, बाबा."

"बरं," म्हणून किसन आंघोळीला गेला. पुढं सोळा वर्षांनी कंपनी गुजरातला हलली आणि सुगतनं हे दुकान टाकलं. तोवर किसन गेलेला होता. त्या 'बरं'वर सुगतनं कधी फारसा विचार केला नव्हता.

रंजिता कोळी त्याच्याकडे आली ती ऑक्टोबरातल्या एका दुपारी. छत्तिशीची बाई. इस्त्रीची साडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत ती बाजूला उभी राहिली. मग पुढं येऊन म्हणाली, "दादा, बायोडेटा करायचाय. लग्नाचा नाय, नोकरीचा."

सुगतनं तिला स्टूल दिलं. ती दिवाळे गावची. नवरा मिथुन खाडीत होडी घालायचा. तळोज्याला मासळी साठवून बाहेर पाठवणारी एक कंपनी होती, तिला खरेदी विभागात सुपरवायझर हवा होता. बर्फाच्या गाडीवाल्यानं तिला ही खबर दिली होती.

"शिक्षण?" सुगतनं विचारलं.

"बारावी लग्नाआधीची. मग मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं. शेवटचा पेपर दिला तवा मी एकतीस वर्सांची होते." हे सांगताना तिनं गुणपत्रिका त्याच्यापुढं ठेवली. तिच्या कडा हळदीनं पिवळ्या पडल्या होत्या, पण मार्क चांगले होते. "कम्प्युटरचा कोर्स पन केलाय."

"उत्तम. आणि अनुभव?"

"चौदा वर्स मावरं विकते."

सुगतची बोटं कीबोर्डवर थांबली. ती मात्र थांबली नाही. उलट इतका वेळ चाचरत बोलणारी बाई आता मोकळी झाली. पहाटे धक्क्यावर होड्या लागल्या की लिलावात ती स्वतः उतरायची. खाडीतलं मावरं कमी झालं तसं तिनं मुंबईच्या बंदरावरून माल आणायला सुरुवात केली, गावातल्या सहा बायकांचा माल एकत्र उचलायची. बेलापूर, नेरूळ, वाशी मिळून अकरा हॉटेलं तिची बांधलेली होती. एकाला पापलेट सगळे एकाच लांबीचे लागायचे. दुसऱ्याला कोळंबी सोलून, तिसऱ्याला न सोलता. मासा ताजा की बर्फात चार दिवस राहिलेला, हे ती कल्ला उघडून बघायच्या आधीच सांगायची. लॉकडाउनमध्ये बाजार बंद पडला तेव्हा तिनं फोनवर ऑर्डरी घेऊन सोसायट्यांच्या गेटवर माल पोचवला.

"चौदा वर्सांत एका पन हॉटेलनं माल परत नाय पाठवला," ती म्हणाली.

सुगतला ऐकताना बरं वाटत होतं आणि आतून धाकधूकही होत होती. तो औषध कंपनीत सोळा वर्षं होता. माल कसा यायचा, कसा जायचा, त्यात किती चुका व्हायच्या हे त्याला ठाऊक होतं. ही बाई साधी नाही हे त्याला कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली ती साहेबाची खोली आणि ती हसणारी माणसं. तिच्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यात खोट नव्हती.

"ताई," तो म्हणाला, "हे लिहिलं तर तुम्ही त्यांच्या लेखी मच्छीवाली. मच्छीवालीला सुपरवायझरची खुर्ची कोण देईल?"

"पन दादा, कंपनी मावऱ्याचीच हाय ना?"

"कंपनी मासळीची असली तरी ऑफिस ते ऑफिसच. तिथं डिग्री बघतात, इंग्लिश बघतात. अनुभव म्हणजे पगाराचा कागद, अनुभवाचं सर्टिफिकेट. ते आहे का तुमच्याकडे?"

"नाय."

"मग झालं तर."

तिनं गुणपत्रिका परत फाइलमध्ये ठेवली. मग म्हणाली, "हॉटेलवाले लिहून देतील ना दादा. विचारू का?"

"नको. त्यानं उलट गोंधळ होईल."

त्यानं त्याच्या नेहमीच्या साच्यात तिची माहिती भरली. वरती 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', त्याखाली आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा सांगणारं ते ठरलेलं इंग्रजी वाक्य. मग शिक्षण. मग अनुभवाच्या जागी एकच शब्द, 'फ्रेशर'. मग छंद : वाचन, संगीत ऐकणं.

"फ्रेशर म्हंजे?" तिनं विचारलं.

"नवीन. अजून कुठं काम न केलेला."

तिनं तो शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिला. छंदाची ओळ त्यानं वाचून दाखवली तेव्हा मात्र हसली. "मी कदी वाचते, दादा?"

"सगळ्यांचंच असं लिहितात."

प्रिंट निघाली. तिनं कागद दोन्ही हातांनी धरून वरपासून खालपर्यंत पाहिला. "लय छान दिसतंय," ती म्हणाली. "माजंच हाय ना हे?"

सुगत हसला. त्याला ते कौतुकच वाटलं.

तळोज्याहून काही कळलं नाही. महिन्याभरानं ती परत आली. एका दवाखान्याच्या रिसेप्शनला आणि एका विम्याच्या ऑफिसला अर्ज करायचा होता. त्यानं तोच कागद थोडा फिरवून दिला. "येईल हो ताई, वेळ लागतो," असंही म्हणाला. त्यानंतर ती आली नाही. गिऱ्हाइकं येत जात असतात. सुगत तिला विसरला.

दोन पावसाळे गेले. जूनमध्ये समोरच्या सोसायटीत राहणाऱ्या उत्कर्षा मॅडम मुलीच्या पासपोर्ट फोटोसाठी आल्या. फोटो कापून होईपर्यंत त्या भिंतीवर लावलेले रेझ्युमेचे नमुने वाचत उभ्या होत्या. वाचता वाचता त्यांना हसू आलं.

"हे तुम्ही लिहिता होय? हे वाक्य मला पाठ झालंय. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत दर चौथ्यावर हेच असतं."

"कुठं असता मॅडम आपण?"

"तळोज्याला. मासळीची कंपनी आहे, मी एचआरला." त्या सहज बोलत राहिल्या. "तुम्हाला गंमत सांगते. मागं आम्हाला खरेदीसाठी माणूस हवा होता. मासळी कळणारा माणूस, एवढीच अट. डिग्रीवाले ढिगानं आले, पण पापलेट आणि हलवा हे दोन मासे शेजारी ठेवले तर ओळखणार नाहीत. त्यात दिवाळे गावचा एक अर्ज आला. आडनाव कोळी. मी म्हटलं, मिळाली बाई. उघडून बघते तर फ्रेशर. छंद वाचन आणि संगीत. वाटलं, असेल कुणी घरात बसून शिकलेली, मासळीला हातही न लावणारी. ठेवला बाजूला."

सुगतच्या हातातली कात्री तशीच राहिली. "मग घेतलं कुणाला?"

"हॉटेल मॅनेजमेंट केलेला एक मुलगा घेतला. त्याला वासच सहन होईना, दोन महिन्यांत गेला. मग मॅनेजमेंटनं ती पोस्टच काढून टाकली. खरेदी सगळी एजंटकडे दिली." त्यांनी फोटो पर्समध्ये टाकले. "फोन करून विचारायला हवं होतं मी त्या बाईला. राहून गेलं."

त्या गेल्यावर सुगतनं कॉम्प्युटरवर जुनी फाइल शोधली. मिळाली. एकच पान होतं आणि त्यातलं अर्धं कोरं. ते त्यानं तीन-चारदा वाचलं. ज्या गोष्टीसाठी तिला घेतलं असतं तीच त्यानं गाळली होती. आणि तो गाळत असताना तिनं दोनदा आठवण करून दिली होती, हेही त्याला आता शब्दन् शब्द आठवलं.

घरी म्हातारीनं, रखमानं, विचारलं, "भाकरी का ठिवली रं?" त्यानं पोटाचं निमित्त सांगितलं. आठवडाभर तो स्वतःशी घोळवत राहिला. तिला कशाला सांगायचं? पोस्ट राहिलेली नाही, सांगून नुसता त्रास. दुकानात कुणी रेझ्युमेला आलं की त्याचा हात जड व्हायचा. शेवटी रविवारी त्यानं दुकान बंद ठेवलं आणि बस धरून तो दिवाळ्याला गेला.

बाजारात रंजिताच्या जागेवर दुसरीच बाई बसली होती. तिनं हातानं घर दाखवलं. दारापुढं रंजिताची सासू गोजराबाई सुकत घातलेल्या मासळीवर कावळे बसू नयेत म्हणून काठी घेऊन बसली होती. "ती ड्यूटीला गेली," म्हातारी म्हणाली. "चारला येल. बस."

रंजिता चारच्या पुढं आली. अंगात करड्या रंगाचा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र. वाशीच्या एका मॉलमध्ये कंत्राटावर साफसफाईचं काम. सुगतला तिनं लगेच ओळखलं. "बायोडेटावाले दादा ना? इकडं कुनीकडं?"

त्यानं सांगून टाकलं. उत्कर्षा मॅडम काय म्हणाल्या ते, काही न वगळता. बोलताना तो तिच्याकडे बघू शकला नाही, कावळ्यांकडे बघत राहिला. ती गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याची दोरी हाताला गुंडाळत राहिली.

"त्यांना मावरं कळनारीच पायजे होती?" तिनं अखेर विचारलं.

"हो."

"तुमाला मी बोल्ले होते."

"बोलला होतात, ताई. दोनदा."

"मना वाटलं, शिकलेला मानूस हाय, दुनिया बघितलेली हाय. तो बोलतो लिहू नका, म्हंजे बरोबरच असेल." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुगतला सोपं गेलं असतं. "तीन ठिकानी पाठवलं, कुठूनच फोन नाय. मग मीच बोल्ले, आपल्याला काय येत नाय. चौदा वर्स केलं त्याला कागदावर एक ओळ पन मिळत नाय, म्हंजे ते काम नव्हतंच."

"तसं नव्हतं, ताई."

"आता बोलता." ती पायरीवर बसली आणि चपला काढून पाय चोळू लागली. "होडी विकली आमी. हॉटेलं हळूहळू सोडली. माजंच मन लागत नव्हतं, सकाळी पाटी उचलायची लाज वाटायला लागली. आदी कदी वाटली नव्हती. इकडं साफसफाईला बायोडेटा लागत नाय, आधार कार्ड लागतं. तुमी फ्रेशर लिवलात, दादा. मी फ्रेशरच झाले."

गोजराबाई काठी टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "पोरीला पन बाजारात येऊ देत नाय आता. मनस्वीला. कालेजात सांगू नको बोलते, आई काय करायची ते."

"तुमी गप बसा, आई," रंजिता म्हणाली.

सुगतनं पिशवीतून वही काढली. "ताई, मला परत सांगा. सगळं. मी नीट लिहितो. मॅडमकडे मी स्वतः घेऊन जातो."

"आता काय उपेग?"

"उपयोग असेल-नसेल. मला लिहू द्या."

तिला त्याची दया आली असावी. तिनं सांगितलं, पण मागच्या वेळेसारखं नाही. तो विचारेल तेवढंच आणि तेही अडखळत. हॉटेलांची नावं सांगताना दोन तिला आठवेचनात. अकरा होती की बारा, यावर ती सासूकडे बघू लागली. सुगतनं वहीत लिहून घेतलं आणि ते लिहिताना त्याला जाणवलं की त्या दुपारी स्टुलावर बसून भरभर बोलणारी बाई आता त्याला भेटणार नाही.

कागद चांगला झाला. त्यात 'छंद' नव्हता. चौदा वर्षांत काय घेतलं, कसं पारखलं, कुणाला पोचवलं, लॉकडाउनमध्ये काय केलं, सगळं साध्या ओळींत होतं. दोन हॉटेलवाल्यांनी तिच्या कामाची शिफारसपत्रंही दिली. सुगत स्वतः त्यांच्याकडे गेला होता. एक मालक म्हणाला, "ती बाई येत नाही तेव्हापासून माझा कूक रोज शिव्या घालतो."

उत्कर्षा मॅडमनी कागद उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. "हेच हवं होतं हो आम्हाला," त्या म्हणाल्या. "पण आता जागाच नाही. एजंटचा करार तीन वर्षांचा आहे." त्यांनी कागद ठेवून घेतला, वरिष्ठांशी बोलल्याही. त्यातून काही निघालं नाही. त्यांनी आणखी दोन ओळखीच्या ठिकाणी पाठवला. एका ठिकाणाहून रंजिताला फोन आला, पण काम उरणला, तेही शिफ्टमधलं. सासू अंथरुणाला खिळली होती. रंजितानं नाही म्हणून सांगितलं. सुगतनं फोनवर फार आग्रह केला, तेव्हा ती म्हणाली, "दादा, तुमी तुमच्या परीनं केलंत. आता राहू द्या." त्यानंतर त्यानं फोन केला नाही.

दुकानात मात्र तो बदलला. रेझ्युमेला कुणी आलं की आधी साचा उघडत नाही, माणसाला बोलू देतो. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा म्हणतो. त्यात वेळ जातो आणि घाईतलं गिऱ्हाईक कंटाळून पुढच्या दुकानात जातं. वॉचमनची नोकरी करणाऱ्या एकाच्या कागदावर त्यानं गावाकडची पंपदुरुस्ती लिहिली आणि त्या माणसाला एका सोसायटीत पंप ऑपरेटरचं काम मिळालं. त्यानं आणलेल्या पेढ्यांतला एक रखमाला देताना सुगतनं विचारलं, "आई, बाबा कधी काही म्हणाले होते का गं, माझ्या त्या अर्जावरनं?"

"कोनता अर्ज?" तिला काही आठवत नव्हतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तू गोण्या उचलायचास तवा त्यो लई सांगायचा मानसांना. माजा पोरगा बी.ए. करतो आन् माज्या बरोबरीनं उचलतो म्हनून. पुढं पुढं सांगायचा बंद झाला."

गेल्या जानेवारीत मनस्वी दुकानात आली. आईसारखंच कपाळ, म्हणून तिनं नाव सांगण्याआधीच सुगतनं तिला ओळखलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, एका हॉटेलच्या ऑफिसात इंटर्नशिपसाठी अर्ज करायचा होता.

"बस," सुगत म्हणाला. साचा न उघडता त्यानं तिच्याकडे खुर्ची वळवली. "तुझी आई मासळी विकायची तेव्हा हॉटेलांच्या ऑर्डरी फोनवर कोण घ्यायचं?"

ती दचकली. "मी. नववीपासून."

"अकरा हॉटेलांच्या?"

"हो. कुणाला काय, किती वाजता, सगळं मीच बघायची. आई बंदरावर असायची ना."

"हे आपण सगळ्यात वर लिहू. तुला हॉटेलातच जायचंय. याच्याएवढं भारी तुझ्या वर्गात कुणाकडे नसेल."

मनस्वीनं मान हलवली. "नको, काका."

"अगं, ऐक तर. मी तुझ्या आईच्या वेळी चुकलो. तिला विचार हवं तर."

"आईनंच सांगितलंय. मावऱ्याचं काही लिहू देऊ नको म्हणाली." ती खाली बघून बोलत होती, पण तिचं ठरलेलं होतं. "तुम्ही फक्त मार्क लिहा."

सुगतनं आणखी दोन-तीन वेळा समजावलं. पंपवाल्याची गोष्ट सांगितली, उत्कर्षा मॅडमची सांगितली. ती ऐकून घेत होती, मोठ्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं. मागं दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली. मग त्यानं खुर्ची परत स्क्रीनकडे वळवली आणि दहावीपासूनचे मार्क टाइप करायला घेतले.

"अनुभव?" त्यानं विचारलं, अजून एकदा बघावं म्हणून.

"काही नाही," मनस्वी म्हणाली.